शेजारच्या सीटवरचा ब्रेक

दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबायचा हक्क आपल्याला देवानेच दिला आहे असं मानणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका मुलुंडला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. काकांनी तीस वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवली. तिथल्या गाडीत शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. स्कूल सोडून काकांना दहा वर्षं झाली, पण त्यांच्या पायाला ते कुणी कळवलेलंच नाही. दर रविवारी आम्ही माझ्या गाडीने भांडुपला मासळी आणायला जातो. लाल दिवा दिसला रे दिसला की त्यांचा उजवा पाय धाडकन खाली, आणि वर मालवणीतून मला, "मेल्या, तांबडो दिसता मा?" त्या जागेचं मॅट आतापर्यंत दोनदा बदललं. मीही गाडी त्यांच्याकडेच शिकलो, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही.

प्रत्येक वाहनाचे नियम त्यांना पाठ आहेतच, पण ते स्वतःलाही वाहनच समजतात. भाजीच्या गल्लीत वळताना रीतसर हात काढून इशारा देतात. एकदा तो हात एका बाईच्या कोथिंबिरीच्या जुडीत गेला, तर वर तिलाच म्हणाले, "अंतर ठेवा." हेल्मेट कोपरात अडकवलेला मोटारसायकलवाला दिसला की काच खाली करून विचारतात, "काय रे, मेंदू कोपरात आहे का तुझा?" तो डोळे वटारतो ते माझ्याकडे बघून, कारण गाडी माझी. झेब्रा क्रॉसिंगवर मला थांबायला लावतात. मागून हॉर्न बोंबलत असतात, आणि पुढे उभे असलेले लोक रस्ता ओलांडतच नाहीत. गाडी आपणहून थांबली म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्यांना वाटतं. मग काका आतूनच हात जोडून "या, या" करतात आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसतो.

त्यात माझी लेक पवईला बिनड्रायव्हरच्या गाडीच्या कामाला लागली आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. काकांनी तिची तोंडी परीक्षाच घेतली.

"बंद पडलेल्या रिक्षाला दुसरा रिक्षावाला पाय लावून ढकलत नेतो. तुझी गाडी काय समजेल गं? एक वाहन की दोन?"

"आजोबा, तेच तर शिकवतोय तिला."

"आणि आपला माणूस हात दाखवतो नि चालायला लागतो. प्रत्येक हाताला थांबली, तर जन्मभर चेकनाक्यावर उभी राहील! हात नाय बघायचा, डोळे बघायचे. हा थांबणार की धावणार, ते डोळ्यांत कळतं." मग मुद्द्यावर आले. "शेजारी ब्रेक आहे ना?"

"आजोबा, पुढेमागे स्टिअरिंगपण नसेल."

काकांचा चहा तसाच राहिला. तिच्यावरचा राग आठवडाभर माझ्यावर निघाला.

गेल्या रविवारी भांडुपच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. मी थांबलो आणि सवयीने बोलणी खायच्या तयारीत बसलो, पण खाली आवाजच झाला नाही. पाय मॅटवर नुसता ठेवलेला. काका समोर दिव्याकडेच बघत होते.

"काय रे, थांबलास का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी वळून त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, तेव्हा आपली चोरी पकडली गेली हे त्यांना कळलं.

"काचबिंदू आहे म्हणे," ते हळू आवाजात म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही. काकीला सांगू नकोस, रस्त्यावर पाऊल टाकू द्यायची नाही." दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न सुरू झाले. "पोरीच्या त्या गाडीला... दिसतं ना रे सगळं?"

"दिसतं, काका."

"मग बरं."

मला फार वाईट वाटलं. ज्या पायाला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या, तो असा गप्प पडलेला मला बघवेना. पुढचा सिग्नल आला तेव्हा स्वतः ब्रेक दाबायच्या आधी मी म्हणालो, "काका, तांबडो."

धाडकन पाय खाली गेला.

"मेल्या," काका म्हणाले, "मग थांब ना!"