नाक्यावर भरलेली ओटी

पुंजाराम, तू हयात असलास तर पंचाहत्तरी ओलांडली असशील, आणि नसलास तरी हे तुला ऐकावंच लागेल.

मॅट्रिकच्या इंग्रजीत तू तीनदा आपटलास. चौथ्या खेपेला तू खर्डा गावात माझ्या, म्हणजे शाळेच्या बाईंच्या, खोलीवर शिकायला यायचास आणि येताना घागरभर पाणी आणायचास. सालं बहात्तर-त्र्याहत्तरची, दुष्काळाची, म्हणून घागर मी घेत होते. तुझ्या डोक्यात मात्र काही भरता आलं नाही.

त्या दुष्काळात जोंधळा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. आपला जिल्हा संपतो तिथं नाका झाला: एक आडवा बांबू, एक टेबल आणि तू. तिघांत बांबू शहाणा. पाटीवर कुणीतरी इंग्रजीत 'लिमिट' रंगवलं होतं. त्याच संध्याकाळी तू अर्थ विचारायला आलास. हद्द, मर्यादा, कमाल, आवर, मी एकेक सांगत गेले. तू वहीत लिहिलंस, 'बंदी'. ते मी उच्चारलंही नव्हतं.

मग तुझ्या तोंडात दुसरा शब्द उरला नाही. हॉटेलवाल्याच्या साखरेला लिमिट, बायकांच्या बोलण्याला लिमिट. व्यापारी आप्पासाहेबांचा ताडपत्री बांधलेला ट्रक आला की मात्र बांबू वर आणि तुझी मान खाली. त्याला कोणता अर्थ लागतो, ते काही तू विचारलं नाहीस.

मार्चातल्या त्या दुपारी मी एस.टी.त होते. शेजारी खर्ड्यातल्या बनुबाईची लेक चांगुणा. सातवा महिना, दुसरं बाळंतपण, म्हणून ते सासरीच व्हायचं होतं. आईनं निघताना ओटी भरली होती, पाच ओंजळी जोंधळा आणि नारळ. त्या वर्षी पाच ओंजळी म्हणजे घरातली दोन दिवसांची भाकरी. ही ओटी सासरच्या देवापुढंच सोडायची, वाटेत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू गाडीत चढलास, पिशव्या चाचपल्यास आणि तिच्या पदराच्या गाठीकडे बोट केलंस.

"ह्यात काय हाय?"

"वटी."

"जोंधळाच ना? उतरा खाली. वटी असू न्हाईतर पोतं, लिमिट म्हंजे लिमिट."

कंडक्टर छगन म्हणाला, जाऊ दे रे. ओटी धान्यात धरत नाहीत, असं मीही म्हटलं. तर तू मलाच ऐकवलंस की वर्गात बाईंचं चालतं, इथं तुझं.

चांगुणा उतरली. तू रॉकेलचा रिकामा डबा पुढं सरकवलास. तिनं तो मागं सारला.

"वटी डब्यात वतत न्हाईत, दादा. भुईवर तर न्हाईच. दुसऱ्याच्या वटीतच घालावी लागती. धरा शर्ट."

आणि तू धरलास! अख्खी गाडी खिडक्यांतून बाहेर आली होती. तिनं पाच ओंजळी तुझ्या शर्टात घातल्या, वर नारळ ठेवला आणि म्हणाली, "सुखरूप मोकळं व्हा."

गाडी हसली. ती हसली नाही. रिकाम्या पदराला तशीच गाठ मारून ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि सासर येईपर्यंत गाठीवरचा हात तिनं काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून छगन बांबूपाशी गाडी थांबवून विचारायचा, "कितवा महिना, पुंजाराम?" मला वाईट वाटलं नाही. पण बातमीही त्यानंच आणली. सासू बायडाबाईनं चांगुणाला विचारलं होतं, भरली ओटी कुठं सांडलीस? नाक्यावरच्या कारकुनाच्या शर्टात, हे उत्तर कुणाला पटणार? माहेरच्यांनी रिकामी पाठवली आणि वर ही खोटं बोलते, असं सासूनं ठरवलं. नाक्यापलीकडून कुणी येऊन सांगेल तेव्हा खरं धरीन, म्हणाली. पोर रोज ते ऐकत होती.

त्या रात्री तू रुमालात बांधलेला जोंधळा आणि नारळ घेऊन माझ्या दारात आलास.

"बाप्यानं वटी कशी भरायची, बाई? तुमी संगं चला. मी सांगतो, तुमी भरा."

जाऊ रविवारी, मी म्हटलं. रुमाल माझ्याकडेच ठेवलास.

पहिल्या रविवारी तू फिरकला नाहीस. वेशीत बायका पाण्याला बसल्या होत्या, त्या हसतील म्हणून. दुसऱ्या रविवारी आलास तेव्हा मी पेपर तपासत होते. तुझाच सरावाचा पेपर वर होता. त्यातलं इंग्रजी बघून डोकं फिरलं आणि तुला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. पुढं नाका उठला, बांबू कुणीतरी गोठ्याला नेला, तू पाथर्डीकडं दुसऱ्या कामावर गेलास.

जोंधळ्याला किडे लागले, तो चिमण्यांना घातला. नारळ वाळून आत खुळखुळायला लागला तोवर माझीही बदली झाली. नाक्यापासून बायडाबाईचं घर दोन मैल. तुला तिथवर जायची लाज वाटली, आणि मला तुझ्याबरोबर चालायची.