सगळे फार छान वागले

सातवी स्लाइड चुकली आहे असं मी नितीन सरांना सांगितलं, तेव्हा ते पँट्रीत डबा उघडत होते.

"टायपो आहे का?"

"नाही. निष्कर्षच उलटा आहे."

त्यांनी झाकण परत लावलं. रिपोर्ट त्याच संध्याकाळी पाठवायचा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्लायंटबरोबर शेवटचा कॉल होता.

आमचं ऑफिस तोआ पायोह या उपनगरात आहे, हॉकर सेंटरच्या, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या, मागच्या इमारतीत. आम्ही मार्केट रिसर्च करतो. लोक एखाद्या गोष्टीबद्दल काय बोलतात ते ऐकायचं आणि कंपनीला त्याचा अर्थ सांगायचा. बहुतेक वेळा ती गोष्ट शांपू असते किंवा विमा. या वेळी तो अमेरिकेतला एक राजकीय पक्ष होता. तिथल्या एका राज्यातली परंपरावादी पक्षाची शाखा. मुलाखती तिकडे झाल्या होत्या, विश्लेषण आमच्याकडे आलं होतं.

प्रश्न साधा होता. त्या राज्यात असे पुष्कळ कृष्णवर्णीय मतदार आहेत ज्यांची मतं या पक्षाशी जुळतात. दर रविवारी चर्चला जाणारे, स्वतःचं छोटं दुकान असणारे, सरकारनं आपल्या धंद्यात फार लक्ष घालू नये असं वाटणारे. यातले काही जण पक्षाच्या बैठकीलाही जाऊन आलेले. तरी ते या पक्षाला मत देत नाहीत. का?

व्हिडिओ कॉलवर त्यांचे सहा गट घेतले होते. गटात सातआठ माणसं आणि प्रश्न विचारणारी एक बाई. ते सगळं बोलणं टाइप होऊन आमच्याकडे आलं आणि मी आणि माझ्या टीममधल्या हुइ लिंगनं त्याचं कोडिंग केलं. हे कॉम्प्युटरचं कोडिंग नव्हे. प्रत्येक वाक्य वाचायचं आणि त्याला एक लेबल द्यायचं. 'टॅक्स', 'शाळा', 'नेत्यांची भाषा' अशी लेबलं. दोघींनी एकमेकींचं न बघता करायचं आणि नंतर ताडून पाहायचं. जुळलं, की ते बरोबर असं आमच्यात मानतात. आमचं फार छान जुळलं होतं.

रागाची वाक्यं सोपी होती. मतदानाच्या नियमांबद्दल एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "माझी आजी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, म्हणून तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. आणि हे लोक नियम कडक करायचं बोलतात ते पार्किंगच्या पावतीबद्दल बोलावं तसं." याला काय लेबल द्यायचं याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

अडचण बैठकीला जाऊन आलेल्यांची होती. अशी अकरा माणसं होती. बैठकीत कसं वाटलं, या प्रश्नावर जवळजवळ सगळ्यांनी तेच उत्तर दिलं होतं. लोक छान वागले. फार छान वागले. आम्ही दोघींनी लेबल दिलं, 'स्वागत: चांगलं'. त्यावरून सातवी स्लाइड झाली: बैठकीत येणाऱ्यांचं स्वागत उत्तम होतं, पक्ष त्यांच्यापर्यंत पोचण्यात कमी पडतो.

स्लाइडचा कच्चा मसुदा क्लायंटला आधीच गेला होता. ग्रेग नावाचे गृहस्थ त्या शाखेचं प्रचाराचं काम बघत. त्यांचं उत्तरही आलं होतं: हे वाचून बरं वाटलं, आपली माणसं चांगली वागतात हे मला माहीतच होतं, म्हणजे दोष संपर्काच्या कामात आहे, तिथे माणूस बदलावा लागेल. संपर्काच्या कामात माणूस एकच होता. मार्कस. तिशीतला कृष्णवर्णीय तरुण. आमच्या प्रत्येक कॉलला कॅमेरा बंद ठेवून हजर असायचा. लोकांना गटात यायला त्यानंच राजी केलं होतं.

सातव्या स्लाइडसाठी मला एक छोटी क्लिप कापायची होती. क्लायंटना खरी माणसं बोलताना बघायला आवडतात. म्हणून मी पहिल्यांदाच त्या उत्तरांचा व्हिडिओ लावला. एक न्हावी होते, स्वतःचं सलून असलेले. ते म्हणत होते, "सगळे फार छान वागले. दहा मिनिटांत सात जणांनी हात मिळवला. एकानं विचारलं, आमच्याकडे कसे काय वळलात? मी कुठूनच वळलो नव्हतो. मी आधीपासून असाच आहे."

टाइप केलेल्या प्रतीत या वाक्यानंतर कंसात 'हशा' असं होतं. हशा म्हणजे वातावरण चांगलं, असं आम्ही धरलं होतं. व्हिडिओत गटातल्या बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि ते हसत होते. विनोदावर हसतात तसं नाही. आपल्याही बाबतीत असंच झालं, असं हसतात तसं.

मग मी बाकीचे व्हिडिओ लावले. एक निवृत्त नर्स: "मी मागे बसणारी बाई. मला हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं. पुढच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीनं त्यांचं पत्रक दाखवलं, त्यावर मीच होते. छान माणसं आहेत." एक माजी सैनिक: स्टेजवरच्या वक्त्यानं शहरातल्या एका वस्तीवरून टोमणा मारला. ती या सैनिकाची वस्ती. सगळे हसले. शेजारचा माणूस वळून म्हणाला, "तुम्हाला उद्देशून नाही हं." सैनिक म्हणाला, "फार सभ्य माणूस होता."

हे सगळं मी वाचलेलं होतं. लेबलही मीच दिलं होतं.

मला ते आधी का कळलं नाही, याचा मी नंतर विचार केला. गेल्या वर्षी मी ऑफिसजवळ एक खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी मला सरबत दिलं. माझ्या इंग्लिशचं कौतुक केलं. मी इतर इंडियन्ससारखी वाटत नाही म्हणाल्या. "यू नॉट द कुकिंग टाइप, राइट?" असं दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी एजंटचा मेसेज आला की खोली त्यांच्या नातेवाइकाला देणार आहेत. मी लांब वुडलँड्सला खोली घेतली. आईला फोनवर सांगितलं, "छान होत्या गं त्या काकू." माझ्या बोलण्याचं कोणी कोडिंग केलं असतं तर मीही 'स्वागत: चांगलं' निघाले असते. माझं आणि त्यांचं एक नाही. मी कामाच्या पासवर इथे आलेली आहे, मला परत जायला देश आहे. ती माणसं त्यांच्याच देशात, त्यांच्याच गावच्या बैठकीला गेली होती.

यातलं मी नितीन सरांना काही सांगितलं नाही. ऑफिसात सगळे त्यांना नुसतं नितीन म्हणतात. मला जमत नाही. ते पुण्याचे, वीस वर्षं इथे आहेत, आणि दोघंच असलो की मराठीत बोलतात.

मी व्हिडिओबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण तुमच्या दोघींचं जुळलंय."

"दोघींचं चुकलंय."

"हे तुला वाटतंय. वाटणं मी क्लायंटला विकू शकत नाही. उद्या ग्रेग विचारतील, मुलगी चेहरे वाचते का? काय सांगू?"

"आणि मार्कसचं काय?"

"त्याची गच्छंती होईल हे मलाही दिसतंय, मानसी. म्हणूनच म्हणतोय, पुरावा आण. पाच वाजेपर्यंत."

मी हुइ लिंगकडे गेले. कोडबुक, म्हणजे लेबलांची यादी आणि त्यांचे नियम, तिनं बनवलं होतं, त्यामुळे मला संकोच वाटत होता. ती चिकन राइस खात होती. तिनं न्हाव्याचा व्हिडिओ पाहिला आणि चमचा खाली ठेवला.

"पण तो म्हणतोय ना नाइस. माणूस नाइस म्हणाला तर मी काय लिहू, लाह?" चिडली की तिच्या वाक्याला हा इथला 'लाह' लागतो.

"त्यापुढे तो काय म्हणतो ते आपण धरलं नाही."

"पुढचं उत्तर पुढच्या प्रश्नात जातं. नियमच तसा आहे." मग ती थांबली. "पुढचा प्रश्न काय होता?"

पुढचा प्रश्न होता, त्यानंतर पुन्हा गेलात का? तो आम्ही 'सहभाग' या वेगळ्या कप्प्यात टाकला होता. एकाच माणसाची दोन उत्तरं दोन वेगळ्या शीटमध्ये होती आणि ती कोणीच शेजारी ठेवली नव्हती. आम्ही ठेवली. एका स्तंभात 'बैठकीत कसं वाटलं', दुसऱ्यात 'पुन्हा गेलात का'. अकराही ओळी भरायला वीस मिनिटं लागली.

पहिल्या स्तंभात छान, छान, फार छान. दुसऱ्यात नाही, नाही, नाही. फक्त एक बाई परत गेल्या होत्या. त्यांनी बैठकीला घरून खाऊ नेला होता. भांडं तिथेच राहिलं होतं, ते आणायला.

हुइ लिंगनं ती ओळ दोनदा वाचली. "वा लाउ," ती म्हणाली, म्हणजे आपलं 'अरे देवा', आणि कोडबुकाची फाइल स्वतःच उघडली.

पाच वाजता नितीन सरांनी ते टेबल पाहिलं. अकराही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रिपोर्ट आज थांबवतो. उद्या हे तू सांगायचंस."

"मी? सर, मी कॉलवर बोलत नाही."

"माहीत आहे. पण मी सांगितलं तर ते मॅनेजरचं मत होईल. तू सगळे व्हिडिओ पाहिलेस."

सकाळी आठला तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मी उत्तरं कागदावर लिहून आणली होती. टेबल दाखवलं, तीन क्लिप दाखवल्या. ग्रेग टिपणं घेत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आमची माणसं उद्धट आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही. कोणीही उद्धट वागलं नाही."

"मग?"

मी कागद उलटा ठेवला. मी म्हणाले, "बैठकीला गोरा माणूस नवीन आला, तर त्याला कोणी विचारतं का, कसे काय वळलात?"

"नाही बहुतेक. त्याला खुर्च्या लावायला सांगतात."

"या अकरा जणांपैकी कोणालाही खुर्च्या लावायला सांगितल्या नाहीत."

नितीन सर माझ्याकडे न बघता पेनचं टोपण लावत होते. तेवढ्यात मार्कसचा कॅमेरा सुरू झाला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तो गाडीत बसलेला होता, टाय सैल केलेला.

"ग्रेग, एक सांगू? दर महिन्याच्या बैठकीत दारावर एक बाई असतात. त्या दर महिन्याला माझं स्वागत करतात. पहिल्यांदाच आलात का, असं विचारतात. फार प्रेमानं. ती बैठक मी भरवतो."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला किती लोक आले एवढंच विचारता. ते मी दर वेळी सांगितलं."

ग्रेगनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तू तरी का येतोस मग?"

"कारण मला तुमच्या निम्म्याहून जास्त गोष्टी पटतात," मार्कस म्हणाला. "बाकीच्या पटत नाहीत आणि त्याही मी सांगू शकतो. कोणी बसवून विचारलं तर."

ग्रेगनी त्याच्याशी वेगळं बोलायचं ठरवलं आणि आम्हाला सांगितलं, सातवी स्लाइड बदला आणि पुढे आणून ती तिसरी करा. आम्ही बदलली. संपर्काचा दोष काढून टाकला. शिफारशी दोनच लिहिल्या. लोकांचे फोटो न विचारता वापरू नका. पहिल्याच बैठकीत नव्या माणसाला काहीतरी काम द्या. मतदानाच्या नियमांवरचा राग, आजीची हकीगत, हे सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि खाली लिहिलं की हस्तांदोलनानं हे सुटणार नाही.

दोन महिन्यांनी मार्कसचा मेल आला. नोकरी शाबूत होती. शाखेनं आमचा रिपोर्ट गांभीर्यानं घेतला होता आणि एक स्वागत समिती नेमली होती. मार्कसला तिचा अध्यक्ष केलं होतं. समितीत सध्या तो एकटाच होता.

आमच्याकडे मात्र एक नियम बदलला. दोन कोडर्सचं जुळलं की बरोबर, हे आता आम्ही धरत नाही. आधी बघतो, दोघी सारख्याच शिस्तीत वाढल्यात का. मला आणि हुइ लिंगला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, कोणी गोड बोललं तर थँक यू म्हणावं आणि पुढे जावं. म्हणून तिसरी वाचणारी व्यक्ती आता ज्यांच्याबद्दल काम असेल त्यांच्यातलीच घेतो. त्या राज्याच्या पुढच्या कामासाठी तिथल्याच एक निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका मिळाल्या. जिच्यात आमच्या दोघींचं पूर्ण जुळलं होतं ती पहिली फाइल त्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाठवली. अर्ध्या ओळी लाल होत्या. खाली एकच शेरा होता: मुलींनो, तुम्ही फार सभ्य आहात, पुन्हा वाचा.