मानेवरून माणूस ओळखणारे मामा

माणसाला तोंड असते, ही गोष्ट माझ्या पत्नीच्या मामांनी आयुष्यात फारशी मनावर घेतली नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे एक मान. तिच्यावर डोके असते ते टोपी घालण्यापुरते, आणि खाली बाकीचा देह असतो तो तिला गावभर हिंडवण्यापुरता. सौंदडच्या आठवडी बाजारात ते नेहमी लोकांच्या मागून चालत. समोरून आलेल्या सख्ख्या साडूला ओळख न देता निघून जात, आणि तो पुढे गेल्यावर त्याची मान पाहून त्याला हाक मारत. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा सारी मंडळी वधूवरांची तोंडे पाहत होती. मामा माझ्या पाठीमागे उभे होते. मुंडावळ्या सुटायच्या आत त्यांनी माझ्या सासऱ्यांना कळवले, की पोरगा चांगला आहे, पण डावीकडून आखडलेला आहे.

घरी धानाची शेती होती, आजोबांनी खोदलेली एक लहानशी बोडी, म्हणजे शेततळे होते. पोट त्यावर चाले. पण मामांचा जीव होता तो लोकांच्या डोकेदुखीत. डोके कधी दुखतच नसते, असे त्यांचे ठाम मत होते. ते बिचारे मानेचे दुखणे बोलून दाखवते, एवढेच. ही विद्या ते बैलाकडून शिकले. तरुणपणी जुवाने सुजलेली बैलाची मान शेकताना एका जागी अंगठा टेकला की बैल डोळे मिटतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी तीच जागा स्वतःच्या वडिलांच्या मानेवर शोधली. वडील मात्र बैलाइतके समंजस नव्हते, असे ते सांगत.

दुखणेकरी आला की कुठे दुखते, हे ते विचारत नसत. ‘काम दाखव,’ एवढेच म्हणत. मग रोवणीच्या बाया त्यांच्या कोरड्या अंगणात ओणव्या होऊन नसलेले धान रोवत. बिडीवाला मांडीवर रिकामे सूप घेऊन नसलेल्या बिड्या वळी. एकदा दंडारीत राजा होणारा एक गडी आला. मुकुटाऐवजी डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन त्याने सगळा प्रवेश नाचून दाखवला. जमलेल्या लोकांनी दुसरा प्रवेशही मागितला. मामा एवढा वेळ त्याच्या मागे उभे होते. शेवटी त्यांनी त्याच्या कवटीखाली, मानेच्या खोबणीत अंगठा ठेवला. त्याचे रोजचेच दुखणे तिथून उठून नेहमीच्या जागी, भुवईवर गेले, तेव्हा मामा म्हणाले, ‘सापडला.’ पुढे कोंड्याच्या गरम पुरचुंडीचा शेक, मोहाच्या बियांचे तेल, आणि दोन अंगठ्यांचा तो संथ, न बोलता चाललेला उपचार. शेवटी हुकूम सुटे: सूप मांडीवर नको, पाटावर ठेव; मुकुट हलका कर. झटका ते कधी देत नसत. दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाची मान कडाडून मोडणाऱ्या न्हाव्याशी त्यांचे जन्माचे वैर होते. ‘मान हाय ते, बाभळीची काडी नोहे,’ असे त्याला भर बाजारात सुनावून ते पुढे निघत, आणि तरी दर पंधरा दिवसांनी केस कापायला त्याच्याचकडे, स्वतःची मान दोन्ही हातांनी धरून बसत.

मी तेव्हा तिरोड्याला शाळेत शिकवत होतो. मानेतून निघून डाव्या डोळ्यामागे जाणारी कळ मला दोन वर्षे होती. दोन पाने वाचली की पुस्तक मिटावे लागे. नोकरी सोडावी लागेल, असे वाटू लागले होते. मामांनी मला अंगणात चटईवर बसवले आणि पुस्तक वाचायला लावले. अर्ध्या तासाने मी विचारले, आता पुरे का? ते म्हणाले, ‘वाचा जी. अजून दुखनं यायचं हाय.’ ते आले. त्यांनी ते अंगठ्याने नेमके पकडले. दीड महिना मी दर रविवारी गोंदियाला गाडी बदलून सौंदडला जात राहिलो. घरी मात्र पुस्तक भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून उभ्याने वाचायचे, असा हुकूम होता. भिंतीकडे तोंड करून गुरुजी दोन-दोन तास पूजा करतात, असे शेजाऱ्यांना वाटे. दुखणे गेले. पुस्तके मला परत मिळाली, आणि मामांचा शब्द मी त्यानंतर कधी खाली पडू दिला नाही. पुढे जे झाले त्याचे मूळ इथेच आहे.

कारण मग मामींचे डोके दुखू लागले. उजव्या भुवईवर दुखे, कधी उलटी होई. मामांनी रीतीप्रमाणे त्यांना सगळे काम करून दाखवायला लावले. दळण, चूल, सडा, सारवण सगळे झाल्यावर त्यांनी निकाल दिला, की दोष पाण्याच्या गुंडांचा आहे. दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतः डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी भरू लागले. आमच्याकडे ही गोष्ट साधी नव्हती. विहिरीवर बाया पदर तोंडाला लावून हसत. एकीने विचारलेही, ‘काऊन जी मामा, मामीनं तुमाले नांदायले आनलं का?’ मामा म्हणाले, ‘हो. सासू नाई, थे बरं हाय.’ आणि गुंड उचलून चालू लागले. आठ महिने त्यांनी पाणी भरले. दुखणे हटले नाही, तेव्हा त्यांनी मामींची उशी काढून घेतली, चुलीचा ओटा उंच केला, पण मानेवरून बोट हलवले नाही.

त्या दिवाळीत मी तिथे होतो. मामींनी पाणी ओतले ते माझ्या पेल्याशेजारी. दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, असेही त्या हसत बोलून गेल्या. हे डोळ्याचे असावे, असे माझ्या मनात आले. पण ज्या माणसाने मला वाचता केले, त्याला त्याच्याच अंगणात मी कसे सांगणार, की तुमचे चुकते आहे? मी शिकलेला होतो, आणि गप्प बसलो. सुट्टी संपल्यावर गाडीत बसून निघून गेलो.

संक्रांतीला आम्ही पुन्हा गेलो. दुपारी ओसरीवर मामा नेहमीप्रमाणे मामींची मान धरून बसले होते. मी जवळच वाचत होतो. मामी शांतपणे म्हणाल्या, ‘आयका जी. तुमचा हात लागला का बरं वाटते. पन दुखनं तिथं नाई. उजव्या डोळ्यानं मले कायीच दिसून नाई राहिलं.’

मामांचे अंगठे होते तिथेच राहिले. त्यांनी विचारले, ‘काऊन नाई सांगतलं?’

‘तुमी पानी भरून राहिले होते,’ मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डोळ्याच्या आत दाब वाढला होता. उजवा डोळा गेलेला होता. डावा शस्त्रक्रियेने वाचला. आठ महिने आधी आलो असतो तर, एवढेच मामांनी डॉक्टरांना विचारले. दोन्ही वाचण्याची आशा होती, असे उत्तर मिळाले. व्हरांड्यात मी त्यांना त्या पेल्याची हकिकत सांगितली. ते म्हणाले, ‘जवाईबापू, तुमी सांगतलं असतं तरी म्या आयकलं नसतं.’ हे त्यांनी माझ्यासाठी म्हटले की स्वतःसाठी, ते मला आजवर ठरवता आलेले नाही.

लोकांना वाटले, आता ते हे सगळे सोडतील. त्यांनी सोडले नाही. पण अंगठ्याखाली दुखणे उठले नाही, तर ते चारचौघांत स्पष्ट सांगत, की हे माझ्या हातातले नाही, आणि त्या माणसाला स्टेशनपर्यंत पोचवून गाडीत बसवून देत. एकजण दवाखान्याच्या भीतीने पुढच्याच स्टेशनावर उतरला, तेव्हा मामा बैलगाडी जुंपून त्याच्या घरी गेले आणि त्याला पुन्हा आगगाडीत बसवले. या वेळी स्वतःही बसले.

उजवीकडचे पाहायला मामींना सगळी मान वळवावी लागे. वर्ष-दोन वर्षांत त्यांचे डोके खरोखरच मानेतून दुखू लागले. मामांना आनंद झाला, असे म्हणणे बरे नव्हे. पण दिवेलागणीला ते मामींच्या मागे बसत, अंगठा ठेवून दोन-तीनदा विचारून खात्री करून घेत, आणि मगच तेलाची वाटी हातात घेत. पुढची दहा वर्षे यात खंड पडला नाही.

गेल्या श्रावणात मामा गेले. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मामी ओसरीवर मानेला हात लावून बसल्या होत्या. मी मागे जाऊन बसलो आणि मामांचे पाहिले होते तसे दोन्ही अंगठे ठेवले. मामी म्हणाल्या, ‘तुमी दाबून राहिले, जवाईबापू. थे दाबत नव्हते. नुस्ते धरून राहत.’

मी हातातला जोर काढून घेतला आणि नुसते धरून राहिलो. किती वेळ धरायचे असते, ते मी मामांना कधी विचारले नव्हते.