पावशेर रुईचं जाकीट

मनमाडला गाडी बदलून मी लहान रुळांच्या गाडीत बसले, तेव्हापासून खिडकी सोडलीच नाही. काळी जमीन, मधूनमधून हुरड्यात आलेला जोंधळा आणि बाकी सगळा फुटलेला पांढरा कापूस. परभणीचा फलाट दिसताच मी दारात उभी राहून "ताई, ताई" असं ओरडत एका बाईला जोरजोरात हात केला. ती माझी ताई नव्हतीच! खरी ताई मागून आली आणि पाठीत धपाटा घालून म्हणाली, "आधी खाली तर उतर."

केवळ एका जाकिटासाठी मी परभणीला चालले आहे, हे पुण्यात कुणाला खरं वाटत नव्हतं. आमच्या भटक्या मंडळींचा उन्हाळ्यात हिमालयात जायचा बेत ठरला होता. आमचे म्होरके नाना यांची अट एकच होती. गरम कपडा ज्याचा त्याने आणायचा आणि तो आपल्या पाठपिशवीत मावला पाहिजे. पिशवीचा पट्टा लागला नाही, तर त्या माणसाने घरी बसायचं. मी अंगाने काडी, माझी पिशवीही तेवढीच. जुन्या बाजारातला लष्करी कोट घालून पाहिला, तर आत मी आहे की नाही हेच कळेना. स्वेटरमधून वारा आरपार जाई. मला काहीही करून हिमालय पाहायचा होता. शेवटी ताईनेच बोलावलं, "इकडे ये, आम्ही कापसाच्या राशीत राहतो."

दुसऱ्या दिवशी ताई आणि तिच्या सासूबाई मला बाजारात घेऊन गेल्या. सासूबाईंना मी काकू म्हणत असे. शेतात उभी हयात गेलेली बाई, आवाज खणखणीत. चाँदभाई पिंजाऱ्याच्या दुकानावरची जुनी उर्दू पाटी तशीच होती आणि तिच्याखाली ओल्या रंगाची मराठी पाटी लागली होती. आत धनुकली (कापूस पिंजायचं धनुष्य) टणटणत होती आणि चाँदभाईंच्या भुवयांपर्यंत रुई उडाली होती.

"जाकिटाला पावशेर रुई द्या, हलकी पिंजून," मी म्हटलं.

धनुकली थांबली. "पावशेर? पावशेरात उशी भी व्हत न्हाई, बाई."

"पावशेरच!"

चाँदभाईंनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी चाँदभाईंकडे. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

जाकीट काकूंनी स्वतः शिवलं, आणि पुरं होईपर्यंत मला पाहू दिलं नाही. ज्या सकाळी आम्ही तिघी त्यांच्या माहेरी, चारठाण्याला निघालो, त्याच सकाळी ते माझ्या अंगावर चढवलं. ऊब अशी की काय सांगू! फक्त हात खाली येईनात. दोन्ही बाजूंना हात पसरून मी मोटारीत चढू लागले, तसा मागून कंडक्टर ओरडला, "ओ बाई, गादी टपावर ठिवा!" हसून हसून ताई पायरीवरच बसली.

मोटार चारठाण्याच्या अलीकडे बंद पडली. लहान लहान टेकड्या, कोवळं ऊन आणि पायवाट. मला तर हिमालयाची तालीमच मिळाली! वाटेत उकडायला लागलं म्हणून जाकीट काढलं आणि पिशवीत कोंबू लागले. दाबलं, गुडघा रोवला, वर बसले. पट्टा काही लागेना. मग मात्र माझं हसू पळालं. हिमालय गेला, एवढंच मनात आलं आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.

काकूंच्या भावाच्या शेतात हुरडा भाजत होता. तिथे पोचताच मी सुई मागितली आणि जाकिटाची शिवण उसवू लागले.

"काय करायलीस गं?" काकू धावल्या.

आतून रुई निघाली, आणखी निघाली, निघतच राहिली. "काकू, ही पावशेर?"

काकू हुरड्याकडे बघत म्हणाल्या, "चाँदभाईनं दोन मुठी जास्त टाकल्या. पाव्हणीला मोजून कशी द्यावी म्हनला. मंग मी बी टाकल्या. माझ्या घरची पाव्हणी अन् रुई पिंजाऱ्याचीच व्हय?"

ताई हळूच म्हणाली, "त्या झोपल्यावर मीही थोडी टाकली. माहेरचं माणूस आहेस ना."

काकूंनी गर्रकन सुनेकडे पाहिलं आणि आम्ही तिघी ज्या हसत सुटलो, त्या कणसं करपेपर्यंत. जास्तीची रुई काढली. निम्मीच्या काकूंनी चारठाण्याच्या जुन्या देवळासाठी वाती वळल्या आणि कुरकुरत शिवण घातली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात मी टेकडीवर जाऊन आले. जाकीट उबदार होतं, हात हलत होते आणि ते पिशवीत शहाण्यासारखं बसत होतं.

निघताना पिशवी काकूंनीच भरली. "लय बारीक केलंस बाई त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

पुण्यात नानांसमोर मी पट्टा ओढला. खट्ट! लागला! मी तिथेच दोन गिरक्या घेतल्या. घरी येऊन पिशवी उपडी केली, तर तळातून फडक्यात घट्ट बांधलेली उरलेली रुई निघाली. म्हणजे मी परीक्षा तिच्यासकट पास झाले होते! ती मी परत तळाशीच ठेवली, काढून टाकली नाही. कशी काढणार?

हिमालयातल्या तिसऱ्या मुक्कामावर सगळ्यांचे दात वाजायला लागले, तेव्हा मी शिवण उसवून ती रुई परत आत भरू लागले. काकू, चाँदभाई, ताई, सगळ्यांच्या मुठी. नाना आपल्या पातळ कोटात कुडकुडत बघत होते. शेवटी हात पुढे करून म्हणाले, "थोडी उरलीय का गं? अगदी पावशेर."

मी न मोजता दिली.