विझवलेलं निरांजन

"उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. वाघोडियाच्या कारखान्यात मी यंत्रभागांची ड्रॉइंग काढतो. त्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तेव्हा कितीतरी दिवस मी संगणकालाच शिव्या घालत होतो. डोळा गेला तर काम गेलं.

वाट पाहूनही पाणी हटेना. मग फोटोडायनॅमिक थेरपी ठरली. म्हणजे शिरेतून औषध द्यायचं आणि डोळ्यावर लेझर टाकून ते तिथल्या तिथे जागं करायचं. "गभराशो नहीं, काका," डॉक्टरबाई त्यांच्या गुजराती-मराठीत म्हणाल्या. "फक्त थोडे दिवस ऊन टाळा, नाहीतर त्वचा भाजेल." मी 'भाजेल' एवढंच ऐकलं.

त्यात माझी पुतणी अनघा प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्म यंत्रांवर संशोधन करते. उजेड पडला की पोहणारे कण; उद्या ते शरीरात नेमक्या जागी औषध पोचवतील, सांडपाण्यातलं विष तोडतील, असं ती जेवताना सांगायची. मला वाटलं, तसलंच काहीतरी माझ्या रक्तात सोडलंय आणि कुठलाही उजेड त्याची कळ दाबेल.

लेझरनंतर गॉगल, टोपी, हातमोजे घालून घरी आलो. दारात माधवी, माझी बायको, ओवाळायला उभी. इस्पितळातून आलेल्या माणसाला आमच्याकडे ओवाळूनच आत घेतात.

"विझव आधी ते," मी ओरडलो.

ज्योतीवर जन्मात तोंडाने फुंकर न घातलेल्या माधवीने फुंकर घातली आणि बाजूला झाली.

खिडक्यांना मी चादरी लावल्या. मनगट जरा चुरचुरलं तरी बाही खाली ओढायचो. दुसऱ्या दिवशी अनघा आली, ती अंधारात खुर्चीला ठेचकाळली.

"काका, हे औषध आहे. आमची यंत्रं अजून प्रयोगशाळेतच आहेत." तिने डॉक्टरबाईंना फोन लावला.

"अंधारामां केम बेठा छो? कशाला?" त्या म्हणाल्या. "ऊन नको, प्रखर दिवा नको. पण घरातला साधा उजेड हवाच. त्यानेच त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं."

तुमच्यावर ही वेळ आली तर भीती वाटणारच. काय टाळायचं ते विचारालच. काय टाळायचं नाही, तेही विचारा. माझ्या पडद्याखालचं पाणी पुढे सावकाश ओसरलं.

पण त्या संध्याकाळी ते ठाऊक नव्हतं. ऊन गेल्यावर मी उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो. "माधवी, निरांजन आण."

"आत्ता? कालच आलात की घरात."

"तसा आलो नव्हतो."

डावा डोळा झाकून पाहिलं. ज्योत वाकडी होती आणि मागे माधवीच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग. मला खूप भीती वाटली. तिने ओवाळलं, निरांजन देवापुढे ठेवलं आणि ते आपोआप शांत होईपर्यंत आम्ही दोघं त्या उजेडात बसून राहिलो.