रॉकेटची छत्री

सातवीत शाळा सोडलेला मी साताऱ्याकडून सौंसरला शिवणकामाला आलो, तेव्हा घरमालकीण काकूंनी मला घरातलाच मानलं. त्यांची मुलगी इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत तिने माणसाएवढ्या रॉकेटचं किट जोडलं आणि त्याला अलगद खाली आणणारी कापडी छत्री मला शिवायला दिली.

"दादा, छत्री उघडली नाही तर रॉकेटचा चुराच होते बरं!" ती म्हणाली. तेव्हापासून मला घास जाईना.

पांढुर्ण्याच्या रस्त्याला, कापूस वेचून रिकाम्या झालेल्या शेतात आम्ही तिघं गेलो आणि तिने लांबूनच बटण दाबलं. रॉकेट सणाणत वर गेलं. मी डोळे गच्च मिटले. वाऱ्यात काकूंच्या ओरडण्यातला शेवटचा शब्द तेवढा कानावर आला, "...राहिली!"

राहिली! म्हणजे उघडायची राहिली! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काहून रडून राहिला रे बाप्पा? छत्री उघडून राहिली म्हटलं मी! वर तर पाह्य!"

आमच्याकडे जे राहिलं ते राहूनच जातं. इथे मात्र ते चालू असतं. वर माझी लाल छत्री टम्म फुगून सावकाश उतरत होती.

"आई, दादाले आधी आपली बोली शिकव," असं ओरडत मुलगी छत्रीकडे धावली. मीही चपला तिथेच टाकून धावलो.