खाडीपलीकडचं बिऱ्हाड

टेम्पोत कपाट चढलं, माझी बायको सुनंदा कुकर मांडीवर घेऊन बसली, आणि बाबांनी देवाला गाऱ्हाणं घालायला हात जोडले. भटवाडीतले तुम्ही सगळे शेजारी चपला काढून उभे राहिलात. आम्हा मालवणी माणसांत गाऱ्हाण्याशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नाही, मग ती वाट घाटकोपरहून वाशीची का असेना.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "ही पोरां खाडीपलीकडे चलली हत. तेंची राखण कर, आणि सगळ्यांका सुखरूप घराक परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तुम्ही सगळे ओरडलात. मीही ओरडलो.

चूक सुनंदाच्या लक्षात आली ती मानखुर्दला. "अहो, आपण बिऱ्हाड हलवतोय ना? बाबांनी तर आपल्याला परत मागितलं!" जन्मभर गाऱ्हाणं घातलं ते जाऊन परत येणाऱ्यांसाठीच, बाबा दुसरं काय मागणार? मी खूप हसलो. पण टेम्पो पुलावर चढला आणि पूल काही संपेना, तेव्हा मी मागे वळून पाहू लागलो.

बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. मला पलीकडे होऊ घातलेल्या बंदराच्या ऑफिसात काम मिळालं. वाशीत ब्लॉक झकास होता. वारा, चोवीस तास पाणी, शेजारी मात्र बेल वाजवल्याशिवाय येत नसत. मला काही तिथे बूड टेकवेना. दर रविवारी बस पकडून भटवाडी गाठायची, आणि तासाभरात परतीच्या बसची चुळबुळ सुरू. जे माझ्यासारखे पलीकडे गेले, त्यांना हे सांगायला नको.

बाबांनी एकदा येऊन माझं घर चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आले एकदाच. कॉटच्या कडेला बसून चहा प्यायले, नळ सोडून पाहिला. "पाणी बरा हा," म्हणाले, आणि चपला शोधू लागले. राहा म्हटलं तर म्हणाले, "घराक जावक होया."

आमची मुलगी पिंकी वाशीत जन्मली. तीन वर्षांची असताना एका संध्याकाळी भटवाडीत तिनं भोकाड पसरलं, "घरी चल, घरी चल!"

"अगं, हेच आपलं घर," मी खेकसलो.

बाबा खाली बसून तिला सँडल घालू लागले. "तिका कित्याक ओरडतंस? तिचा घर थंयच आसा, खाडीपलीकडे." पट्टा लावून झाला तरी त्यांनी मान वर केली नाही. "आणि तुझाय."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं, ते असं ऐकायला मिळालं. बस पुलावर आली तेव्हा पिंकी मांडीवर झोपली होती आणि मला रडू आवरत नव्हतं.